पुस्तकं सोलणारे मामा

आमच्या मामांइतकी पुस्तकं अख्ख्या जिल्ह्यात कुणी हाताळली नसतील, आणि त्यांच्याइतकी कमी कुणी वाचलीही नसतील. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, कुंडलचे, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. ते पुस्तक उघडत नाहीत, सोलतात. पूर्वीचे बाइंडर पुठ्ठा जाड व्हावा म्हणून टाकून दिलेल्या हस्तलिखित पोथ्यांची पानं आत खळीनं चिकटवत. हे मामांना कुठूनसं कळलं आणि पंचक्रोशीतल्या जुन्या ग्रंथांचं कातडं धोक्यात आलं. मामा इडलीपात्राच्या वाफेवर पुठ्ठा धरणार, खळ सैल झाली की त्यांची लेक नंदा नखानं पान अलगद सोडवणार, आणि मग दोघं बापलेक शेकडो वर्षांपूर्वीची अर्धीमुर्धी ओळ लावत बसणार. मामी कावायची, "आवं, इडलीला खळीचा वास मारतोय!" मामा म्हणायचे, "इडली काय, उद्या बी हुईल."

अशात नंदाचं लग्न निघालं. मुलगा विट्याचा, कोईमतूरला घरचं सोनं गाळायचं दुकान. नंदाच्या तो मनात भरलेला. आम्ही घर बघायला गेलो. "कुठल्या बी पुस्तकाला हात लावायचा न्हाई," असं मामीनं निघताना बजावलेलं. पोहे संपेपर्यंत मामा शिस्तीत बसले. मग देव्हाऱ्याशेजारची कातडी बांधणीची पोथी दिसली आणि घात झाला! मी मुलाच्या शिक्षणाची चौकशी करतोय, तर हे पुठ्ठा दाबून बघताहेत. "पाव्हणं, वाईच गरम पाणी मिळंल का? ह्याची साल काढायची हाय."

मुलाची आजी फणकारली, "आमची पुजेतली पोथी हाय ती! सोयरीक कराय आलाय का घर फोडाय?" इकडे माझ्या खिशातला फोन थरथरत होता, घरी वाट बघत बसलेल्या नंदाचा. मी उचललाच नाही. काय सांगणार, कप्पाळ?

पण मुलाचे वडील हसत सुटले. "आई, गप गं. आमी सोनारांच्या दुकानातला केर जाळून सोनं काढतो, तवा आमाला बी लोक येडंच म्हणत्यात. ह्यो तर आपल्याच धंद्यातला माणूस!" मग मामांकडे वळून म्हणाले, "सोयरीक पक्की. पोथी मातूर सोलायची न्हाई हां." मामांचा चेहरा पडला, पण लग्न झकास झालं.

परवा साताऱ्याच्या रद्दीवाल्याकडून मी एक जाडजूड ग्रंथ मुद्दाम मामांना नेऊन दिला. मला वाटलं, लगेच पाणी उकळायला ठेवतील. त्यांनी पुठ्ठा दाबून पाहिला, "लय पानं हायती आत," म्हणाले, आणि तसाच कपाटावर ठेवून दिला. तिथं आधीचेही चार-पाच न सोललेले पडून होते.

"का हो मामा, सोडलंत की काय?"

"न्हाई वं जावईबापू. दिवाळीला नंदा येणार हाय," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "एकट्यानं सोललं की पान फाटतंय."