बत्तीस पावलं

सत्तावीस हजार तीनशे चार. हा आकडा यूछिंगच्या डोक्यातून काही केल्या जाईना. लेक एका दिवसात इतकी पावलं चालली होती, आणि लेकीचं काम होतं खुर्चीत बसून इमारतींचे नकाशे काढायचं.

मोबाइलवर ओळखीच्या सगळ्यांची रोजची पावलं एका यादीत दिसायची. कोण किती चाललं, कोण पहिलं, कोण शेवटचं. त्यांच्या नेइच्यांग गावातल्या निवृत्त बायकांना या यादीचं भारी वेड. शेजारची एकजण तर संध्याकाळी आकडा कमी दिसला की मोबाइल कुत्र्याच्या गळ्यात बांधून त्याला अंगणात पळवायची. यूछिंगला मात्र पहिल्या नंबरशी काही देणंघेणं नव्हतं. ती यादीत खाली सरकत एकच नाव शोधायची, यीवेई. लेक छोंगछिंग शहरात नोकरीला लागल्यापासून सात वर्षं हा नेम चुकला नव्हता. चार हजार म्हणजे ऑफिस आणि घर. सहा हजार म्हणजे मैत्रिणींबरोबर बाहेर. नऊशे म्हणजे सुट्टी, नाहीतर ताप. नऊशे दिसले की ती फोन करायची. "जेवलीस का?" "जेवले." एवढ्यावर दोघींचं भागायचं.

वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नव्या वर्षाची सुट्टी संपवून यीवेई परत गेली आणि आकडा भलताच वाढला. बावीस हजार. चोवीस. रविवारीसुद्धा पंचवीस.

"व्यायाम करत असेल," थान म्हणाला. थान म्हणजे तिचा नवरा; सगळे त्याला आडनावानेच हाक मारायचे. साखर कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे वाफ बाहेर पडेपर्यंत कशाचीच काळजी करायची नाही, हा त्याचा स्वभाव.

"रोज? तीन महिने?"

"मग प्रेमात पडली असेल. प्रेमात माणूस फार चालतो. मी नव्हतो का चालत तुझ्या शाळेपर्यंत?"

"तू सायकलवर यायचास."

यीवेई लहानपणापासूनच तोंड मिटून सोसणारी. सात वर्षांची असताना शाळेच्या जिन्यावरून पडली, मनगट मोडलं, आणि उरलेले दोन तास डाव्या हाताने अक्षरं गिरवत बसली. त्याच शाळेत वरच्या मजल्यावर आई भूगोल शिकवत होती. "बोलावलं का नाहीस?" तर म्हणे, "तुझा तास चालू होता." ही गोष्ट यूछिंगने पुढे कितीतरी जणांना कौतुकाने सांगितली होती. आता ती सांगायची तिने बंद केली होती.

विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर लेक "सगळं ठीक" म्हणाली असती, कारण त्या घरात सगळे तेच म्हणायचे. गेल्या ऑक्टोबरात यूछिंगचं पित्ताशय काढलं, तेसुद्धा लेकीला कळवलं नव्हतं. तिच्या कामाची घाई, उगाच जिवाला घोर कशाला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी यादीत यूछिंगच्या नावापुढे बत्तीस पावलं होती. खाटेपासून संडासापर्यंत, आणि परत. लेकीने त्या बत्तीस पावलांनाही नेहमीसारखा पसंतीचा लाल बदाम दिला होता. बघतसुद्धा नाही, नुसतं बोट दाबते, असं तेव्हा यूछिंगला वाटलं होतं, आणि थोडं लागलंही होतं.

एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी ती थानला म्हणाली, "चल, दोन दिवस छोंगछिंगला जाऊ. फिरू, खाऊ. यीवेईला नको सांगायला, सुट्टी काढावी लागेल तिला."

थान सात वर्षं याच वाक्याची वाट बघत होता. त्याने त्याच दिवशी नवे बूट आणले, आणि नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी त्याच्या टाचा सोलल्या.

रेल्वेने पाऊण तास. उतरल्यावर मात्र जिने. वर जायला जिने, खाली जायला जिने, समोरच्या दुकानात जायलाही जिने. यूछिंगने तीस वर्षं मुलांना नकाशावर उंचसखलपणा दाखवणाऱ्या रेषा शिकवल्या होत्या, पण त्या रेषा गुडघ्यात अशा शिरतील असं पुस्तकात कुठे लिहिलं नव्हतं. इमारतीच्या पोटातून मेट्रो जाते तिथे शेकडो लोक तोंड वासून उभे होते, गाडी आपण गिळतोय असा फोटो काढायला. थाननेही आ केला. तीन गाड्या गेल्या तरी यूछिंगला नेमका क्षण साधेना.

"जबडा दुखला माझा, बाई," थान म्हणाला. तिला चिडवायचं असलं की तो 'बाई' म्हणायचा, शाळेतल्या पोरांसारखं.

"मग मीट. गाडी नाहीतरी तुझ्या तोंडात मावणार नव्हती."

दुपारी रस्त्याकडेला उंच स्टुलाचं टेबल आणि बुटक्या स्टुलाचं आसन करून दोघांनी झणझणीत नूडल्स खाल्ल्या. मग गुळाच्या पाकातली थंडगार जेली. थानने पाक जिभेवर घोळवला आणि नाक मुरडलं. "असा पाक आमच्या कारखान्यात कुणी काढला असता ना, तर वाफेवर शेकला असता त्याला." तरी वाटी चाटून पुसून रिकामी केली. संध्याकाळी लाल रश्श्याचं पातेलं मध्ये ठेवून बसले, तेव्हा वाफेने थानचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तो खुशीत होता. यूछिंग एकेक तुकडा रश्श्यात बुडवत होती आणि काढायचा विसरत होती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक सडपातळ मुलीकडे तिची मान वळत होती.

"खा ग. डॉक्टरांनी तुझं पित्ताशय काढलंय, तोंड नाही."

सकाळी लॉजच्या खोलीवर उठल्याबरोबर तिने कालची यादी उघडली. यीवेई, सव्वीस हजार. आणि स्वतःच्या नावापुढे एकोणीस हजार आठशे चाळीस. त्यावर यीवेईचा लाल बदाम.

आपण इतक्या गुपचूप आलो आणि खिशातला मोबाइल लेकीला मोजून सांगत होता, हे यूछिंगच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाजारात गेले होते म्हण," थान टाचेला पट्टी चिकटवत म्हणाला.

"एकोणीस हजार पावलांचा बाजार?"

"मोठा बाजार होता."

तिने मोबाइल उशीवर पालथा टाकला. मग म्हणाली, "आज नुसती तिच्या ऑफिसची इमारत बघून येऊ. आत जायचं नाही. बाहेरून."

थानने वर पाहिलं नाही. "मला वाटलंच होतं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तू मला नुसतं खायला कधी नेलंयस?" पण बूट घातले त्याने, आणि ते घालताना विव्हळलाही नाही, तेव्हा यूछिंगला कळलं की त्यालाही घोर आहेच.

इमारत उतारावर उभी होती. ज्या रस्त्याने ते आले तिथून दार उघडायचं ते थेट अकराव्या मजल्यावर. पहिला मजला पार खाली, नदीच्या बाजूच्या रस्त्यावर. टेबलाशी एक पन्नाशीचा पहारेकरी चहाची बरणी घेऊन बसला होता. यूछिंगने सोळाव्या मजल्यावरच्या नकाशेवाल्या कंपनीचं नाव सांगितलं.

"ती कुठे आता, ताई! नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर टाळंच लागलं. कुणी घरं घेत नाही, मग नकाशे काढून करणार काय? माणसं आली, खोक्यात सामान भरलं, गेली. तुमचं काही काम होतं?"

"नाही," यूछिंग म्हणाली. "सहज. ओळखीची एक मुलगी होती तिथे."

"कुठली? उंचशी, चष्मेवाली? थान का काय आडनाव?"

थानने एकदम यूछिंगचा दंड धरला.

"ती तर रोज येते की," पहारेकरी बरणीचं झाकण उघडत म्हणाला. "जेवणाचे डबे पोचवते. खालून मोटरसायकलवाले येतात, त्यांना हा अकरावा मजला का पहिला हेच कळत नाही, गरगर फिरतात बिचारे. ही खाली उभी राहते, त्यांच्याकडून पिशव्या घेते आणि वर पळते. या भागातल्या सात-आठ इमारती तिला तोंडपाठ. लिफ्टला रांग असली तर जिन्याने जाते. परवा मी म्हटलं, पोरी, एवढं शिकलीस आणि हे काय? तर म्हणाली, 'काका, पूर्वी जिने कागदावर काढत होते, आता चढून बघते.' जीभ मोठी तिखट हो तिची!" तो हसला, आणि घड्याळाकडे बघत म्हणाला, "थांबा ना. साडेबाराला येईलच. अजून तासाभराने."

"थांबू या," थान म्हणाला. "यूछिंग, थांबू या इथेच. मी घेतो तिच्या हातातल्या पिशव्या."

"आणि ती आपल्याला बघून काय करेल? हातात दहा जणांचं जेवण घेऊन?"

"काय करेल म्हणजे?"

"हसेल. म्हणेल, आज मैत्रिणीला मदत करतेय. आणि आपण मान डोलावू. चल."

"आपली पोर जिने चढतेय ग."

"म्हणूनच म्हणतेय, चल. तिच्या कामाच्या वेळेला नाही."

पहारेकऱ्याला काय कळायचं ते कळलं असावं. त्याने बरणी बाजूला ठेवली. "मी काही बोलणार नाही तिच्याशी," तो म्हणाला, "पण मुलगी चांगली आहे, दादा."

खाली जाणारा जिना लांबलचक होता. दोघं एका बाजूच्या कठड्याला धरून उतरत होते. थान दर वळणावर थांबायचा, टाच दुखतेय म्हणायचा आणि डोळे पुसायचा. यूछिंगला रडू येत नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं, की कुठेतरी बसावं आणि कुणी आपल्याला आज ऊठ म्हणू नये. यातल्या कुठल्या पायऱ्या लेकीच्या, असं मनात येऊन ती मध्येच पाय जपून टाकायची.

जिन्याच्या अर्ध्यावर टोफू-भाताची एक खानावळ होती. मऊ टोफू, तिखटाची वाटी, वर लागेल तेवढा भात. दोघं आत शिरले ते जवळजवळ कोसळलेच. थानने पुढ्यातला भात नुसता चिवडला. मालकीण येऊन म्हणाली, "काय काका, आवडलं नाही?" तेव्हा त्याने घाईघाईने दोन घास तोंडात कोंबले. गाडी चार वाजताची होती. गर्दी आली, गर्दी गेली, ते दोघं तसेच बसून राहिले. मालकिणीने दोनदा चहा ओतला.

"घरी गेल्यावर पैसे पाठवू तिला," थान म्हणाला. "वाढदिवसाचे म्हणून."

"वाढदिवस नोव्हेंबरात असतो तिचा."

"मग आधीचे म्हणून."

सव्वादोनला यूछिंगचा मोबाइल थरथरला. यीवेईचा निरोप होता. जेवणाची घाई संपली असणार, असा हिशेब यूछिंगच्या मनात आपोआप झाला आणि तिला स्वतःचंच वाईट वाटलं. तिने चष्मा लावून वाचलं.

"आई, काल एकोणीस हजार पावलं? आणि आज आत्तापर्यंतच अकरा? तू कधी सहाच्या वर जात नाहीस. बाबांना काही झालंय का? हॉस्पिटलमध्ये वरखाली पळतेयस का? खरं सांग. ऑक्टोबरात तुझी बत्तीस पावलं होती. मी आठ वेळा यादी उघडून बघितली, तेहतीस होतात का म्हणून. फोन केला तर तू म्हणालीस, सगळं ठीक. तेव्हा मी काही बोलले नाही. आज सांग."

तिने मोबाइल थानपुढे सरकवला. त्याने ओठ हलवत दोनदा वाचलं आणि लांब धरून तिसऱ्यांदा.

"तिला माहीत होतं," तो म्हणाला.

"हं."

"मग तेव्हाच का नाही विचारलं?"

मोडक्या मनगटाने बाकावर बसलेली सात वर्षांची पोर यूछिंगच्या डोळ्यांसमोर आली. आईचा तास चालू होता.

"लिही, सगळं ठीक आहे," थान म्हणाला. "बाबांना काही झालेलं नाही, हे तर खरंच आहे. घाबरलीय ती. आधी तेवढं लिही, बाकीचं घरी जाऊन बघू."

यूछिंगने लिहिलं, 'सगळं ठीक आहे.' बोटांना हे शब्द इतके सवयीचे झाले होते, की अक्षरं शोधावीसुद्धा लागली नाहीत. मग एकेक अक्षर मागे घेत तिने सगळं पुसलं.

"आता काय?"

"लिहून नाही. फोन करते."

"आणि सांगणार काय? की आम्ही तुझ्या मागावर आलो? पहारेकऱ्याला विचारलं? बाई, लाज वाटेल तिला."

"तिचं काहीच नाही सांगणार. तिचं तिला वाटलं तर ती सांगेल." यूछिंगने टेबलाखाली बूट काढून सुजलेले पाय थंड फरशीवर टेकले. "मी माझं सांगणार. पित्ताशयाचं. खाटेपासून संडासापर्यंत बत्तीस पावलं कशी झाली ते. आणि आत्ता कुठल्या जिन्यावर बसलोय, आणि माझ्याच्याने आता एकही पायरी चढवत नाही, ते."

"आणि चारची गाडी?"

"जाऊ दे ती गाडी."

थानने एकवार दाराबाहेरच्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि मालकिणीला हाक मारून आणखी एक टोफू सांगितला, गरम, तिसऱ्या माणसासाठी. यूछिंगने निरोप बंद केला, लेकीचं नाव शोधलं आणि फोन लावला.