देवळासमोर लावलेली गाडी

गाडी मी देवळासमोर लावली. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या त्या वाडीत तेवढीच जागा सपाट. गाडी म्हणजे बायकांच्या कॅन्सर तपासणीची व्हॅन, आणि मी तिचा ड्रायव्हर. आत सिस्टर छातीत गाठ आहे का हाताने बघते. गर्भपिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं औषध लावते. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. काही दुखत नसतानाच हे करून घ्यायचं असतं.

तरण्या बायका येऊन गेल्या. हिराबाई म्हणू तिला, ती शेरडं घेऊन लांबच उभी. सिस्टर तिच्याकडे गेली.

"मी देवीसमोर येनार नाय गो. इटाळ हाय."

"मावशी, या वयात?"

"बंद झालेलं. आता परत जातंय."

पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त जाणं ही वाईट खूण. एवढं या नोकरीत मलाही कळतं. महाडच्या दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणाली, शेरडं कोण बघणार? आणि गाडीतल्या टेबलाशिवाय, उजेडाशिवाय तपासणी होत नाही.

"आबा, गाडी तिच्या गोठ्यापाशी घ्या," सिस्टर म्हणाली.

"तिथं रस्ता नाय."

"मग ती राहिली."

मी ऑफिसात साहेबांना फोन लावला.

"आबा, डांबरी सोडायची नाही! पुढच्या खेपेला बघू."

"पुढची खेप पावसाळ्यानंतर, साहेब. बाई थांबंल, रोग थांबंल का?" फोन मीच ठेवला.

देवळाच्या पायरीवरचे बाप्ये हसले. "आबा, हितं बैल घसरतो. तुमचा डबा काय टिकनार?"

"कशेडी घाटात भरला ट्रक रिव्हर्स घेतलाय मी. तोंडं नका चालवू, वाटेतले दगड उचला."

उचलले त्यांनी. उतारावरून गाडी रिव्हर्सच खाली गोठ्यापाशी घेतली. टेबलावर वाटीभर पाणी ठेवलं आणि ते सरळ दिसेपर्यंत चाकाखाली दगड सारले. हिराबाई आत गेली. तिच्यामागून आणखी दोघी घरांतून निघाल्या. त्याही विटाळ म्हणूनच थांबलेल्या.

वर चढताना क्लच जळला. त्याच बाप्यांनी दोर लावून ओढली.

हिराबाईच्या तपासणीत सिस्टरला संशय आला, म्हणून महाडला तिच्या गर्भपिशवीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा. शेरडं जावेने सांभाळली, ऑपरेशन झालं. आता ती हिंडती-फिरती आहे. बाकी दोघींचं साधं दुखणं होतं, औषधाने गेलं.

क्लचसाठी मला मेमो मिळाला. घेतला. पण तेव्हापासून वाडीत शिरलो की सपाट जागा बघत नाय. गाडी कुठं लावायची ते सिस्टर आधी बायकांना विचारते, मग मी गिअर टाकतो.