फायटर मासा जेवेना

आमच्या ह्यांनी हिंगोलीहून निळा फायटर मासा आणला. नावालाच फायटर, कोणी जवळ गेलं की बरणीतल्या दगडामागं लपायचा. पाच दिवस त्यानं दाण्याला तोंड लावलं नाही. हे बरणीपुढं बसून म्हणायचे, "काहून रुसलास लेकरा, एक घास तरी खा." सासूबाईंनी औषध म्हणून पाण्यात शेतातली हळद टाकली. ते पिवळं पाणी मीच बदललं. सहाव्या दिवशी त्यानं माझ्या बोटावरचा दाणा टिपला, तर ह्यांचे डोळे भरून आले.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. तेव्हा हेच सासूबाईंना म्हणाले होते, "राहू दे, भूक लागली की खाईल."