पाटण ते मिरज, पिवळा दिवा पेटवून

मामीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिरजेला मिळाली आन मामा म्हणला, "आपली व्हॅन हाय की!" तिथंच ठरलं. व्हॅन तेरा वर्षांची, वडाप करून, गावोगावची शिटं वाहून दमल्याली. मला सोबत नेलं, कारण मला घरी एकटं ठेवायला कुणाचीच तयारी न्हवती. मागच्या महिन्यात मी व्हॅनच्या हॉर्नला बकरीचा आवाज जोडला हुता. एक म्हातारी खाली उतरून बकरी हुडकत बसली, त्यात माझा काय दोष?

सकाळी सातला निघालो. साडेअकराला दवाखान्यात हजर व्हायचं हुतं. गाव सोडलं न्हाई तवर गाडी थंडी वाजल्यागत थरथराय लागली आन इंजिनचा पिवळा दिवा पेटला. मामा फौजेतनं रिटायर. म्हणला, "चलने दो."

कराडपतूर चाललं. तिथं मिसळ खाल्ली, साठ रुपये, कट मागा, देत्यात. माझ्याकडं गाडीचा बिघाड सांगणारा, मोबाइलला जोडायचा स्कॅनर हाय, पाचशेचा. लावला. कोड आला, पी शून्य तीन शून्य तीन. म्हंजे तिसरा सिलिंडर पेटंना. शेजारच्या मेकॅनिकनं लांबनंच सांगिटलं, "ठिणगी देणारी कॉइल गेली. सांगलीहून मागवतो, संध्याकाळी मिळंल."

मामा म्हणला, "माघारी फिरू. पुढची तारीख घिऊ."

पुढची तारीख म्हंजे दोन महिनं. मामीनं नुसता पदर डोळ्याला लावला.

"मामा, तुमी चा पिऊन या. मी बघतो."

"तू? आन गाडीच पेटवलीस म्हंजे?"

"मग तुमी पिऊन या, आन येताना पाणी आणा."

आता गाडीवाल्यांनो, नीट ऐका. कोड नुसता सांगतो की भांडण कुठल्या घरात हाय. पहिला दगड कुणी मारला ते आपणच आत शिरून बघायचं. दोन कॉइल अदलाबदल करायच्या. कोड कॉइलीसंगं दुसऱ्या सिलिंडरवर सरकला, तर कॉइल खराब. इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून मामीला उतरवलं, सीट उचलली आन तिसरी कॉइल उपसली. तिच्या रबरातनं लालभडक पाणी टपकलं. बोटावर चोळलं. कुंकू!

मामी माझ्या कानाशी आली. "सच्या, पहाटं सीट उचलून पूजा केली रं गाडीची. थेंबभर पाणी सोडायचं हुतं. तांब्या किती वाकला दिसलंच न्हाई मला."

"मग मघाशीच का बोलली न्हाईस?"

"ते म्हणतील, डोळ्यापायी निघालीस आन गाडीच मारलीस. त्यास्नी सांगू नगंस, लेकरा."

पंक्चरवाल्याची हवा मारून कॉइलीचं भोक कोरडं केलं. दहा रुपये घेतलं त्यानं. तीच कॉइल बसवली, कोड पुसला, गाडी चालू केली. थरथर गेली, कोड परत आला न्हाई; म्हंजे कॉइल धडधाकट, नुसती भिजली हुती.

मामा आला. "काय झालं हुतं?"

मामीनं पदर घट्ट धरला.

"मीच काल गंमत म्हणून रंगाचं पाणी वतलं हुतं, मामा."

मामानं एवढ्या पटकन इश्वास ठेवला की मलाच वाईट वाटलं. चापट मात्र फौजी हुती.

पेठनाक्याला डावीकडं वळलो. आष्ट्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लय, तिथं हातात अर्धा तास जादा ठिवा. मिरजेत अकरा-वीसला पोचलो.

आता घरी येऊन आठ दिवस झालं. मामा अजून चारचौघांत माझा उद्धार करतो. काल मामी हळूच म्हणली, "सांगून टाकू का रं त्यास्नी?"

"नगंस. मी शाना हाय असं कळलं तर वडाप चालवाय बसवतील मला."

मामी हसली. आधी ती माझ्या आवाजाच्या अंदाजानं, जरा बाजूलाच बघून हसायची. काल नीट माझ्या तोंडाकडं बघून हसली.