देवाची इच्छा, म्हणे
नवरा जहाजावर वारला, इंजिनरूममध्ये. वाफेचा पाइप फुटला. त्या वर्षी सिंगापूरच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली होती. तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकला मजल्यामजल्यावर झेंडे लागले होते आणि त्यांच्याखालून माणसं आम्हाला भेटायला येत होती. जो तो सोफ्यावर टेकला की म्हणायचा, "देवाची इच्छा." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकले होते. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक डच तत्त्वज्ञ मला तेव्हापासून आवडायचा. देव म्हणजे हे सगळं जगच, तो कुणावर कोपत नाही आणि कुणाला पावतही नाही, असल्या विचारांचा. त्याच्याच लोकांनी त्याला ऐन तरुणपणी वाळीत टाकलं. भिंगं घासून पोट भरायचा. पंचेचाळिशीही न गाठता छातीच्या दुखण्यानं गेला. काचेची धूळ भोवली असणार. त्याचं एक उदाहरण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. छपरावरून दगड पडून माणूस मेला. का पडला? वारा सुटला म्हणून. वारा का सुटला? माणूस नेमका तिथं का आला? विचारत राहा. उत्तरं संपली की लोक देवाच्या इच्छेआड लपतात.

तेराव्यानंतर जहाजाचे चीफ इंजिनिअर आले. मुंबईचे, वयानं मोठे, नवऱ्याचे साहेब. मी पाणी दिलं.

"वहिनी, देवाच्या मनात असतं तसंच होतं."

"पाइप का फुटला?"

"जुना होता."

"मग बदलला का नाही?"

"तुमच्या मिस्टरांनी सांगितलं होतं तसं. पुढच्या बंदरात बदलू, असं ठरलं."

"कुणी ठरवलं?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आता त्याचा काय उपयोग, वहिनी? देवाची इच्छा."

कारण नीट कळलं की राग ओसरतो, असं तो तत्त्वज्ञ म्हणायचा. डोंबल ओसरतो.

ते उठले. अशा वेळी भेटायला आलेल्यानं जाताना 'येतो' म्हणायचं नसतं आणि घरच्यांनी 'या' म्हणायचं नसतं, अशुभ मानतात. ते मुकाट्यानं दाराशी जाऊन बूट घालू लागले.

"या," मी म्हणाले. "परत या. देवाचं सोडून दुसरं नाव सांगायला या."