वेचणीवरच्या बायांचा बाजा

राळेगावात बसस्टँडजवळ आमचं दुकान एकच, पण धंदे दोन. एका बाजूला नवऱ्याची शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला माझं टेबल. मी गाणी वाजवायचे छोटे डबे दुरुस्त करते. तळहाताएवढा डबा असतो. मेमरी कार्ड टाकलं की त्यातली गाणी वाजतात, नाहीतर रेडिओ लागतो. मोबाईल घरी लेकरांजवळ राहतो, म्हणून वावरात जाणाऱ्या बाया, गुराखी, रखवालदार अजून हेच डबे वापरतात. आमच्याकडे त्याला सरळ बाजा म्हणतात.

हे काम मी लग्नानंतर शिकले. यवतमाळला दुरुस्तीचा वर्ग होता, मी एस.टी.नं जाऊन-येऊन केला. सुरुवातीला माणसं यायची आणि नवऱ्यालाच विचारायची, "मिस्त्री कुठं गेले?" नवरा तोंडातली टाचणी काढून माझ्याकडे बोट दाखवायचा. आता कोणी विचारत नाही. उलट बाया मुद्दाम येतात, कारण इथं टेकून बसता येतं, पाणी पिता येतं, घरचं बोलता येतं.

त्या वर्षी कापसाची वेचणी जोरात होती. एका दुपारी एक वयस्क बाई आल्या. वेचणाऱ्या बायांची टोळी त्या सांभाळायच्या. कोणत्या वावरात जायचं, कोणाला सोबत घ्यायचं, सगळं त्याच ठरवायच्या. पदराच्या गाठीतून त्यांनी टोळीचा बाजा काढून टेबलावर ठेवला. एक कोपरा फुटला होता, आतून काहीतरी खडखडत होतं.

"पडला का, मावशी?"

"पडला नाई, पाडला. माह्यं भीमगीत चालू व्हतं. अर्ध्यातच तिनं कार्ड उपसलं. मी हात धरला, तिनं हिसका देल्ला, अन् गेला वावराच्या धुऱ्यावरच्या गोट्यावर."

"तिनं म्हणजे कोणी?"

"येईनच ते. तिले बी चैन पडनार नाई."

मी डबा उघडला. जाळीआड कापसाचे तंतू बसले होते, ते चिमट्यानं ओढून काढले. स्पीकरची एक तार तुटली होती. कार्ड बसतं ती खाच मात्र मुळापासून उपटून निघाली होती आणि सोबत सर्किटच्या पट्टीवरचा तांब्याचा पापुद्राही घेऊन आली होती. स्पीकरच्या तारेला सोल्डरचा डाग द्यायला वेळ लागणार नव्हता. खाचेला नवा सुटा भाग हवा होता, तो यवतमाळहून आणावा लागणार होता.

हे मी सांगत होते तेवढ्यात दारात दुसरी बाई उभी राहिली. तिशीतली असेल. मावशींना पाहून ती आत येईना, बाहेरूनच मला म्हणाली, "ताई, तो बाजा सुदरला का? मी पाहाले आली फक्त."

"ये ना आत," मावशी तिच्याकडे न पाहता म्हणाल्या. "उन्हात काहून उभी राह्यली?"

ती आली, पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. नवऱ्यानं मशीन थांबवली. दोघींच्या मधल्या जागेत कोणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाऊज पडला होता, तो त्यानं हळूच उचलून घेतला.

"सकाळपासून तुमचीच गाणी लागली व्हती, मावशी," ती म्हणाली. "मले माह्या कार्डातलं एक भजन ऐकाचं व्हतं. सासू गेली तवापासून ऐकलं नाई. तिच्याच तोंडचं व्हतं ते."

मावशी आता तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मंग सांगाचं ना वं. हिसकाचं कायले?"

"तुमी आयकता कुठं!"

मला हसू येत होतं, पण मी मान खाली घालून तार जोडत राहिले. डाग थंड झाला, बटण दाबलं. कार्ड नव्हतंच, त्यामुळे रेडिओ लागला. आधी खरखर झाली, मी काटा थोडा सरकवला, आणि एक जुनं हिंदी गाणं एकदम स्वच्छ वाजायला लागलं. मावशींचा पाय हलायला लागला. ती बाई ओठातल्या ओठात गुणगुणायला लागली. एका ओळीला दोघींचा आवाज एकदमच निघाला आणि दोघी एकमेकींकडे पाहून फसकन हसल्या.

"खाच मी पुढच्या आठवड्यात बसवून देते," मी म्हणाले.

"राहू दे बापा," मावशी म्हणाल्या. "रेडिओवाला लावन ते ऐकू. ना माह्यं, ना तिचं."

नवऱ्यानं उरलेल्या जाड कापडाची एक थैली शिवून दिली, कमरेला बांधायला लांब बंद लावून. फुटका कोपरा त्यात झाकला गेला. पैसे त्यानं घेतले नाहीत, आणि तो कधी कशाचे पैसे सोडत नाही, म्हणून मी त्याच्याकडे पाहतच राहिले.

पुढे थंडीत मी एकदा नात्यातल्या लग्नाला निघाले होते. रस्त्याच्या कडेच्या वावरात ती टोळी दिसली. गाडी थांबवून मी हाक मारली. बाजा त्या तरुण बाईच्या कमरेला होता आणि मावशी तिच्या शेजारच्या ओळीत होत्या. दोघींनी ओट्यांत कापूस भरता भरता हात हलवला.

पुढच्या वर्षी वेचणी सुरू व्हायच्या आधी दोघी मिळून दुकानात आल्या.

"आता खाच बसवून दे," मावशी म्हणाल्या.

"काहून? रेडिओ बिघडला का?"

"रेडिओ मस्त हाय. पन तो दिवसभर सांगून राह्यते, कपाशीवर कोनतं औषध मारा, तुरीले कधी पानी द्या. आमाले कायले सांगते? आमचं वावर कुठं हाय!"

दोघी हसत सुटल्या. मीही हसले, जरा उशिरा.

खाच बसवली. दोघींनी आपापली कार्डं काढली, पण बाज्यात एकच मावणार. मग मी एक नवं कार्ड घेतलं आणि दोघींची गाणी आळीपाळीनं भरायला बसले, एक मावशींचं, एक तिचं. सासूचं भजन तिनं मागच्याच वर्षी कुणाच्या तरी मोबाईलवरून शोधून आपल्या कार्डात भरून घेतलं होतं.

"पयलं कोनाचं टाकू?" मी विचारलं.

दोघी एकदमच बोलल्या, आणि दोघींनी आपलंच नाव घेतलं. नवरा मशीनवरून म्हणाला, "झालं सुरू!" मग चहा आला. गाणी भरायला बराच वेळ लागला, पण त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक आलं नाही आणि आम्हा चौघांनाही उठायची घाई नव्हती.