मालकाच्या रकान्यातलं नाव

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात तिला सगळे ‘काळ्या खिडकीवाली ताई’ म्हणत. बाकीच्यांच्या पडद्यावर रंगीत बटणं, हिच्या पडद्यावर काळा चौकोन आणि लुकलुकणारा कर्सर. कुठल्या पेशंटचा कुठला डोळा, कोणतं भिंग, ऑपरेशन कुणी केलं, हे सगळं ज्या डेटाबेसमध्ये होतं त्याची टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, तिनं एकटीनं, कमांड लिहून लिहून उभी केली होती. लोक म्हणत, बाई स्वभावानं गरीब. लोकांना काय कळतंय! डूख धरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

डूख होता साहेबांवर, म्हणजे कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांवर. ती नवी लागली तेव्हा ते मोठ्या मायेनं म्हणाले होते, “वेगळं लॉगिन कशाला? माझंच वापर.” आता, ज्याच्या लॉगिननं टेबल बनतं, डेटाबेस त्यालाच मालक समजतो. कामाचा बोलबाला झाला तेव्हा साहेबांनी भर सभेत प्रोजेक्टरनं भिंतीवर टेबलांची यादी लावली. मालकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत साहेबच साहेब. टाळ्या थांबल्यावर तिच्याकडे बोट करून म्हणाले, “आणि या आमच्या टायपिंगच्या ताई.”

त्या दिवशी तिनं हौसेनं आईला आणलं होतं. घरी जाताना आईनं विचारलं, “तू तिथे नक्की काय करतेस गं?” बिचारीनं सहज विचारलं, पण ते हिच्या काळजात रुतून बसलं. साहेबांना माफ करायचं तिच्या मनातही आलं नाही.

पुढे साहेबांना मोठ्या ठिकाणी नोकरी लागली. नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन शेवटच्या दिवशी दुपारी काढून टाकायचं, हा नियम त्यांनीच केलेला. तो आपल्यालाही लागू होईल, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

साहेब जाणार म्हणून तिला आता स्वतःचं लॉगिन मिळालं होतं. दुपारी त्यातूनच तिनं साहेबांचं लॉगिन काढायची कमांड दिली. सर्व्हर अडून बसला. या माणसाच्या नावावर टेबलं आहेत, म्हणाला, आधी त्यांचं काय ते बघा. वाटा दोन होत्या. एका कमांडनं त्यांच्या नावावरचं सगळं पुसून जातं, दुसरीनं नुसता मालक बदलतो.

तिनं पहिली लिहिली. शेवटी अर्धविराम पडेपर्यंत काळी खिडकी काही करत नाही, नुसती थांबून राहते. तिचं बोट त्या बटणावर होतं. सगळं त्याचंच आहे ना? मग जाऊ दे त्याच्याबरोबर! तळपायाची आग मस्तकात गेली होती.

एवढ्यात दारातून पट्टी बांधलेल्या एका म्हातारीचा आवाज आला, “बाई, माझा डावा डोळा की उजवा, ते लिहिलंय ना नीट?”

“लिहिलंय, आजी,” ती म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं. लिहिलं होतं कुणी? साहेबांनी? आपल्याच हातानं आपलंच घर पेटवायला निघालो होतो की! तिनं ती ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. नवा मालक म्हणून स्वतःचं नाव, अर्धविराम, एंटर. मग साहेबांचं लॉगिन काढलं. आता सर्व्हरनं हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी निरोप समारंभ. आईला तिनं पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाषण रंगात आलं आणि साहेब पडद्याकडे वळले. “शेवटचं एकदा माझं काम दाखवतो.” नाव टाकलं, पासवर्ड टाकला. आत घेईना. पुन्हा टाकला. मागच्या रांगांत खसखस पिकली.

“ताई, हे काय आहे?”

“तुमचाच नियम, साहेब. दुपारीच काढलं. माझ्या लॉगिननं दाखवते.” उत्तराची वाट न बघता तिनं यादी भिंतीवर लावली. मालकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं, तिचं.

“अगं बाई, हे सगळं तुझं?” आई बसल्या जागेवरून ओरडली.

“माझंच, आई. पहिल्यापासून.”

साहेब गोरेमोरे झाले. तिच्या कानाशी येऊन म्हणाले, “माझं लॉगिन आत्ताच्या आत्ता सुरू कर.”

तिनं माइक जवळ ओढला.

“करते की, साहेब. पण फक्त बघण्यापुरतं. हात नाही लावायचा.”